पाठकोऱ्या कागदांवरचं राज्य

आंबटपूरचं राज्य आम्ही दोघी बहिणींनी स्थापन केलं, चार वर्षं सुखाने चालवलं, आणि एका दुपारी सोज्जी-बज्जीच्या ताटांसमोर ते सगळ्यांदेखत उघडं पडलं. तंजावरच्या इतिहासात त्याची नोंद कुठेही नाही, म्हणून मलाच लिहावं लागतंय. आता मी सत्तरी ओलांडली आहे. लिहिताना कुठे अडलं की चेन्नईला अक्काला फोन लावते. ती आधी म्हणते, "तुला काही म्हणजे काही धड आठवत नाही," आणि मग पुसलेलं तिलाही आठवत नाही. तेव्हा वाचणाऱ्यांनी थोडं सांभाळून घ्यावं. आमचं मराठी तंजावरचं आहे. तुम्ही विचारता, आम्ही पुसतो. तुम्ही बसता, आम्ही बैसतो. बाकी राग, रुसवे आणि तोंडाळपणा दोन्हीकडे सारखाच.

घरात आम्ही चौघं. अप्पा, म्हणजे आमचे वडील, सरकारी कचेरीत कारकून. अत्या, म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि अम्मा गेल्यावर सगळं घर तिच्या हाताखाली गेलं, त्यात अप्पाही आले. मग माझ्याहून चार वर्षांनी मोठी अक्का, तिचं नाव कमला, आणि शेवटी मी. चौघंही दिवसभर मराठी बोलत होतो, भांडत होतो, पण मराठी वाचता येत होतं फक्त दोघींना, आणि त्या दोघी म्हणजे घरातल्या सगळ्यात धाकट्या. अप्पा शिकले तमिळ आणि इंग्रजीत. पापनाशमच्या मामांना ते पत्र लिहीत ते मराठीत, पण तमिळ अक्षरांत, आणि मामाही तसंच उत्तर धाडत. अक्का आणि मी मात्र मागच्या गल्लीतल्या एका टीचरकडे हिंदी शिकायला जात होतो, परीक्षा देत होतो, त्यामुळे बाळबोध अक्षरं आमच्या हाताला लागली. ह्याचा खरा फायदा काय, ते आम्हाला लवकरच उमगलं. आम्ही काहीही लिहून तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, उघडं टाकलं तरी घरात कुणाला एक अक्षर कळायचं नाही. मी अत्याला 'म्हातारी खोकड' म्हणून पाटीवर लिहिलं, तिच्याच समोर धरलं, आणि ती म्हणाली, "अक्षर सुधारलं अहे की तुझं."

आता अप्पांची एक गोष्ट. आमच्या वीदीत, म्हणजे गल्लीत, तेव्हा सात-आठ मराठी घरं होती आणि दर घराला पूर्वजांत एक सेनापती होता. इतके सेनापती असताना राज्य गेलं कसं, हे मला अजून कळलेलं नाही. आमचा सेनापती राजाच्या उजव्या हाताला बैसत असे, असं अप्पा सांगत. पुरावा म्हणून घरात कागदांचं एक दप्तर होतं. जाड, पिवळट, हातकागद. त्यावर मोडी लिपीत ओळीच्या ओळी. सगळे मिळून लाल रुमालात बांधलेले. मोडी वाचणारा आमच्या घरातच काय, वीदीतही कुणी उरला नव्हता. म्हणूनच त्या कागदांचा मान फार. सरस्वतीपूजेला पुस्तकांच्या राशीवर सगळ्यात वर ते दप्तर, त्याला हळद-कुंकू, चंदन, फूल. अप्पा हात जोडून दरवर्षी तेच म्हणत, "ह्यांत जें लिहिलं अहे तें आपल्याला आज्ञा." काय लिहिलं आहे ते कुणालाच माहीत नसल्यामुळे आज्ञा पाळणं एकदम सोपं होतं.

दप्तर अत्याच्या बैसायच्या लाकडी पेटीत असायचं आणि पावसानंतर त्याला ऊन दाखवायचं काम आम्हा दोघींकडे होतं. ते काम मला फार आवडायचं. माडीवर एका बाजूला अत्याचे तांदळाचे वत्तल, म्हणजे सांडगे, वाळत, दुसऱ्या बाजूला पूर्वज. कावळे वत्तलवर येत, पूर्वजांकडे ढुंकूनही बघत नसत. खालून अत्याच्या फोडणीचा वास वर यायचा, मोहरी-मेथी-हिंग, आणि तिचा आवाज, "उलथं करा गं, उलथं करा." असंच एकदा कागद उलटे करताना अक्काच्या लक्षात आलं की मागची बाजू कोरी आहे. सगळीच्या सगळी. आमच्या घरात पाठकोरा कागद म्हणजे लक्ष्मी. कॅलेंडरची पानं, लग्नपत्रिका, औषधाची वेष्टनं, सगळ्यांच्या पाठी आम्ही हिशोब आणि गणितं लिहून संपवायचो. अक्काने कागद हातात धरला, नाकाला लावला, आणि बारा वर्षांच्या मुलीला शोभेल अशा गांभीर्याने म्हणाली, "पूर्वजांनी ही बाजू वापरली नाही. वाया घालवणं बरं नव्हे." झालं. आज कुणी जुन्या कागदांशी असा खेळ केला तर मी त्याचे कान उपटून हातात देईन. पण तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि शाईची बाटली मीच धरली होती.

आंबटपूरचा पहिला राजा चुक्कोजी उत्तरेकडून बकरीवर बैसून आला. आमचे मराठे राजे तंजावर घ्यायला आले नव्हते, मदतीला आले आणि राहून गेले, असं अप्पा सांगत. तेव्हा चुक्कोजीही ताक मागायला आला आणि राहून गेला. ताक देणाऱ्या म्हातारीने पुसलं, "कधी जाणार?" तो म्हणाला, "जेवून जातों." ते जेवण तीनशे वर्षं चाललं. राज्याला एकच नदी. ती अर्ध्या वाटेत काहीतरी विसरल्याचं आठवून परत फिरत असे, त्यामुळे गावाला दोन्हीकडून पाणी मिळे. सैन्यात बदकं, कारण आमच्या वडवारच्या कालव्याकाठी जेवढी बदकं होती तेवढ्यांना कामाला लावणं गरजेचं होतं. सेनापती मात्र एकही नाही. हा एवढा एक कायदा माझा. नव्या राजाला गादीवर बैसण्याआधी सगळ्या प्रजेला स्वतः पंक्तीत वाढावं लागे, आणि कुणाच्या पानात आंबट भाजी कमी पडली तर गादी पुढच्या वर्षावर. राजा वारला तर सगळं गाव एक दिवस अळणी जेवायचं. रडलं नाही तरी चालेल, पण मीठ मागायचं नाही. खोटं बोलायला आठवड्यातला एक वार ठरलेला होता, गुरुवार, आणि सगळी लग्नं, मुंजी, पाहुणेरावळे त्याच दिवशी उरकून घ्यायची. दिवाळीला पोरं आधी उठत आणि मोठ्यांना ओढून तेल लावून न्हाऊ घालत, डोळ्यांत शिकेकाई गेली म्हणून ओरडलं तर वर एक धपाटा.

प्रत्येक राज्याला शत्रू लागतोच. आमचा शत्रू म्हणजे शेजारच्या कारलेकोटची राणी कारलेश्वरी. ती लाकडी सिंहासनावरून कधी उठत नसे, आणि कैद्यांना रोज कारल्याचं पिटलै, म्हणजे डाळ घातलेली कडू आमटी, वाढून वर "रक्त शुद्ध होतं" म्हणत असे. ही कोण ते सांगायला नको. आंबटपूरचे दिवाण होते शिंकाजीपंत. कोणताही निर्णय घेण्याआधी ते सात शिंका देत, आणि कपाळावर चढवलेला चष्मा घरभर शोधत. शिंकाजीपंत मला फार आवडायचे. अप्पाही आवडायचे, पण शिंकाजीपंत ओरडत नसत. माझ्याकडे राज्याची भूगोल-खाद्य-लढाई ही खाती होती, कायदे अक्काकडे. ती मला कायदे लिहू देत नसे; म्हणायची, "तू सगळ्यांना फाशी देतेस." परवा आमच्या भाच्याच्या मुलीने अमेरिकेतून व्हिडिओवर मला तिचं राज्य दाखवलं, काचेवर बोट फिरवून काढलेलं, ड्रॅगन वगैरे असलेलं. मी पुसलं, तिथे जेवायला काय असतं? तिला माहीत नव्हतं. असं राज्य टिकत नाही.

चार वर्षांत दप्तराच्या सगळ्या पाठी भरल्या आणि राज्य आपसूक थांबलं. अक्का मोठी झाली होती. ती पी.यू.सी., म्हणजे पदवीआधीचं वर्ष, फार चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिला त्रिचीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घ्यायचं होतं. हे तिने एकट्या मला सांगितलं, तेही पापनाशमहून येताना बसमध्ये, खिडकीकडे तोंड करून, जणू बाहेरच्या भाताच्या रोपांना सांगते आहे. अप्पांना सांगणं म्हणजे आधी त्यांना ऐकायला बैसवणं, आणि ते कठीण. कारण त्याच सुमारास अप्पांच्या पुण्यातल्या एका मावसभावाने एक स्थळ सुचवलं होतं. मुलगा शरद, पुण्याला इंजिनियर. वडील गोविंदराव, साताऱ्याचे निवृत्त शाळामास्तर. अप्पांचा आनंद काय पुसता! आमच्या सात पिढ्यांत 'तिकडून' मुलगी मागायला कुणी आलं नव्हतं. वीदीतल्या सगळ्या सेनापतींना अप्पांनी ही बातमी दोन-दोनदा सांगितली.

आणि आता बघा गंमत. गोविंदरावांची पत्रं यायची बाळबोधीत. ती अप्पांना वाचता येत नसत. मग वाचून कोण दाखवणार? अक्का. ती झोपाळ्याशी उभी राहून स्वतःच्याच लग्नाची बोलणी मोठ्याने वाचायची, "मुलगी गृहकृत्यदक्ष असावी, फार शिकलेली नसली तरी चालेल," आणि अप्पा मान डोलवत उत्तर सांगायचे, तेही अक्काच लिहायची. शेवटच्या पत्रात अप्पांनी सांगितलं, "लिही, मुलीची पसंती अहे." मी तिथेच शेंगा सोलत होते. अक्काचं पेन थांबलं. अप्पा म्हणाले, "काय गं, शाई संपली कां?" ती म्हणाली, "नाही," आणि तिने ते वाक्य लिहिलं, सुरेख अक्षरात, 'र'ला तिची ती लांब शेपटी काढून. मला तिचा इतका राग आला की मी सोललेल्या शेंगा सालांत आणि सालं शेंगांत टाकली.

पाहुणे येणार म्हणून कळवणाऱ्या पत्रात एक ओळ जास्तीची होती. अक्का ती वाचताना पांढरी पडली. गोविंदरावांना जुन्या कागदांची आवड होती, थोडंफार मोडीही येत होतं, आणि 'आपल्या घराण्याचं दप्तर पाहण्याची फार उत्सुकता आहे.' अप्पा उठून उभेच राहिले. इतक्या वर्षांनी आमच्या सेनापतीला तोंड फुटणार होतं! अक्काने माझ्याकडे पाहिलं. राज्य अप्पांच्या हाती लागलं तर काय होईल ते आम्ही मोजत बैसलो नाही. एवढंच कळत होतं की पूर्वजांच्या पाठीवर आम्ही बदकांची लढाई लिहून ठेवली आहे, आणि ती वाचू शकणारा माणूस रेल्वेने निघाला आहे. सगळ्यात वाईट म्हणजे अप्पांची मान खाली जाणार, तीही ज्यांच्यापुढे ताठ राहावी म्हणून ते दोन महिने धडपडत होते त्यांच्यापुढे.

कागद आधीच काढून लपवावेत असं ठरलं. पण अत्या त्या पेटीवरच बैसायची. गुडघे दुखायचे म्हणून जमिनीवर बैसता येत नसे; तांदूळ निवडणं, हिशोब सांगणं, आम्हाला रागवणं, सगळं पेटीवरून. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तर ती सकाळपासून हललीच नाही. मी आत जाऊन म्हटलं, "अत्या, मागच्या दारी मांजर दुधाला तोंड लावतंय." ती म्हणाली, "लावूं दे, तें मांजरासाठीच ठेवलेलं अहे." मी थोड्या वेळाने परत गेले, "पापनाशमचे मामा आलेत." "मग आत येऊं दे की. पाय मोडलेत कां त्याचे?" तिसऱ्यांदा अक्का गेली आणि म्हणाली, "अत्या, कागदांना ऊन दाखवायचं अहे." अत्याने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "उद्या तुला बघायला माणसं यायचीत, आणि तुला कागदांचं सुचतंय? जा, तोंडाला हळद लाव." आमचं बंड तिथेच मोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे आले. गोविंदराव उंच, वाळलेले, डोक्यावर काळी टोपी. शरद गोरा, घामाघूम, आणि भुकेलेला. तंजावरात मुलगी बघायला आलेल्यांना सोज्जी आणि बज्जी हवीच, म्हणजे तुपात निथळणारा शिरा आणि कच्च्या केळ्याची भजी. त्यात काही बदल करणं म्हणजे लग्न मोडणं. शिवाय तिकडची माणसं कॉफी पीत नाहीत, असं अप्पांना कुणीतरी सांगितलं होतं. आमच्या घरात चहा कधी झाला नव्हता. अत्याने तो कॉफीसारखाच केला: चहाची पूड फिल्टरमध्ये दाबून भरली, वर उकळतं पाणी ओतलं, आणि अर्ध्या तासाने खाली जे जमलं ते दुधात घालून टंबलर-डबऱ्यातून वरखाली ओतून, फेस काढून दिलं. गोविंदरावांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "वेगळाच आहे." शरदने तोंडच लावलं नाही; तो बज्जी खात होता. अक्का जांभळ्या रेशमी पट्टुसाडीत खाली मान घालून बैसली होती. मी तिच्या मागे, तिची वेणी नीट करण्याच्या बहाण्याने.

"आता ते दप्तर?" गोविंदराव म्हणाले. अप्पांनी अत्याला उठवलं, पेटी उघडली, रुमाल सोडला. मी शेवटचा प्रयत्न केला. "अप्पा, पूजेशिवाय गाठ सोडूं नये म्हणून सांगिटलं होतं ना तुम्ही?" अत्या पुन्हा पेटीवर बैसत म्हणाली, "बरोबर सांगते की पोर." पण अप्पा आता कुणाचं ऐकणार नव्हते. त्यांनी पहिला कागद दोन्ही हातांनी पाहुण्यांपुढे धरला आणि छाती फुगवून म्हणाले, "गोविंदराव, ह्यांत जें लिहिलं अहे तें आमच्या घराला आज्ञा. आजपर्यंत मोडलेली नाही." गोविंदरावांनी मोडी बाजू डोळ्यांशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. "फार पुसट झालंय. 'चिंच' असं काहीसं दिसतं." मग सहज कागद उलटला, आणि त्यांच्या भुवया टोपीला लागल्या. "अरे वा! मागे तर बाळबोध आहे!"

"मागेपण अहे?" अप्पांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "वाचा, वाचा!"

गोविंदराव काही क्षण मनातच वाचत राहिले. मग चष्म्याच्या वरून अक्काकडे पाहिलं. "अक्षर फार ओळखीचं वाटतंय मला," ते हळूच म्हणाले. "हा 'र' मी कुठेतरी पाहिलाय. आणि शाई निळी. त्या काळी निळी शाई, कमाल आहे."

"राजवाड्याची शाई!" अप्पा म्हणाले. "साधी नव्हे."

मला त्या क्षणी जमीन फाटावी असं वाटत होतं, आणि खोटं कशाला सांगू, हसूही येत होतं. गोविंदरावांनी घसा साफ केला आणि शाळेत वाचावं तसं ठणठणीत वाचायला सुरुवात केली. "'आंबटपूरचा पहिला राजा चुक्कोजी बकरीवर बैसून आला आणि ताक मागता झाला.'" अप्पांची मान अजून डोलत होती. बकरीपाशी ती थोडी अडखळली, पण पूर्वजांचं काय सांगावं, तेव्हा घोडे महाग असतील. नदी परत फिरली. बदकांनी कूच केलं. शरद पहिल्यांदाच बज्जी खाली ठेवून ऐकू लागला. कारलेश्वरी आली तेव्हा अत्या पेटीवर सावरून बैसली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी अक्काच्या वेणीत तोंड लपवलं. मग गोविंदरावांनी दुसरा कागद उलटला. "'दिवाण शिंकाजीपंत निर्णय घेण्यापूर्वी सात वेळा शिंकत, आणि कपाळावरचा चष्मा घरभर शोधत.'" अप्पांचा हात आपोआप कपाळाकडे गेला. चष्मा तिथेच होता. अप्पांना सगळं कळलं ते त्याच क्षणी, आणि त्यांना शिंक येत होती. त्यांनी नाक दोन बोटांनी इतकं घट्ट धरलं की डोळे लाल झाले.

"पुढे एक कायदा आहे," गोविंदराव म्हणाले. आता त्यांच्या आवाजात हसू नव्हतं. "वाचू ना?" अप्पा नाक धरलेले असल्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही.

"'आंबटपुरांत कोणत्याही मुलीचे लग्न ठरविण्याआधी तिला तीनदा पुसावे. पहिल्यांदा ती लाजून होय म्हणेल, तें मोजू नये. दुसऱ्यांदा भिऊन होय म्हणेल, तेंही मोजू नये. तिसऱ्यांदा जें सांगेल तें खरें धरावे.'"

मी तो कायदा विसरूनच गेले होते. ओरत्तनाडूला एका चुलत बहिणीच्या लग्नाहून आलो होतो, नवरी पंक्तीत बैसून रडत होती आणि सगळे "आनंदाश्रू" म्हणत होते, त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्काने माडीवर बैसून तो लिहिला होता.

गोविंदरावांनी कागद मांडीवर ठेवला. "फार चांगला कुळाचार आहे तुमचा. अजून पाळता ना?"

अप्पांसमोर दोनच वाटा होत्या. हा पोरींचा खेळ आहे, आम्हाला आमचेच कागद वाचता येत नाहीत, हे साताऱ्याच्या माणसापुढे कबूल करायचं. नाहीतर आज्ञा पाळायची. अप्पा तसे प्रामाणिक, पण फजितीला फार भीत. ते म्हणाले, "पाळतों की. न पाळून कसं?" आणि अक्काकडे वळले. "कमले, हें स्थळ तुला पसंत अहे कां?"

"होय, अप्पा," अक्का खाली बघत म्हणाली.

"पसंत अहे ना?"

"होय." मी तिच्या पाठीशी होते. तिने मान इतकी खाली घातली की वेणी माझ्या हातातून निसटली.

अप्पांनी सुटकेचा श्वास टाकला, पाहुण्यांकडे वळून हात पसरले. "झालं, पाहा."

"दोनच झाले," पेटीवरून आवाज आला.

"अगं, अत्ताच दोनदा होय सांगिटलं तिने."

"ते दोन मोजायचे नाहीत म्हणून लिहिलंय. कान फुटले कां तुझे? तिसरा पूस." अत्याचं लग्न दहाव्या वर्षी झालं होतं आणि पंधराव्या वर्षी ती परत आली होती. तिला कुणी एकदाही पुसलं नव्हतं. हे मला माहीत होतं, पण त्या दिवसापर्यंत मी त्यावर कधी विचार केला नव्हता. मला तिला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, तेवढं धाडस माझ्यात नव्हतं.

अप्पांनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. मग त्यांनी पुसलं, आणि ह्या वेळी त्यांचा आवाज दिवाणाचा नव्हता, आमच्या अप्पांचा होता. "कमले. पसंत अहे कां गं?"

अक्काने मान वर केली. "नको, अप्पा. मुलगा वाईट म्हणून नव्हे. मला कॉलेजात जायचं अहे."

"पत्रात तर मुलीची पसंती आहे असं होतं," गोविंदराव म्हणाले.

"अप्पांनी सांगिटलं, मी लिहिलं."

गोविंदरावांनी टोपी काढली, परत घातली. त्यांना वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. "असं अक्षर आमच्या घरात आलं असतं तर मला आवडलं असतं," ते म्हणाले, कागद कपाळाला लावून अप्पांच्या हातात दिले, आणि उठले. शरदही उठला. मला वाटतं तो सुटल्यासारखा दिसत होता. अक्का म्हणते, तसं काही नव्हतं, तो फक्त बज्जीकडे बघत होता. जाताना त्याने एक घेतलीच.

पुढे अत्या आठ दिवस माझ्याशी बोलली नाही आणि रोज कारलं केलं. मोडी बाजू बऱ्याच वर्षांनी एका जाणकाराने वाचून दिली: ओरत्तनाडूच्या अन्नछत्राच्या स्वैपाकघराची यादी होती, भोपळे, चिंच, केळीची पानं. आमचा सेनापती कोठीवरचा कारकून होता. पण ते अप्पा गेल्यानंतर. अक्काचं पुढचं शिक्षण, नोकरी, तिचं स्वतः ठरवलेलं लग्न, हे तिचं तिने लिहावं. मी लिहिलं तर फोनवर भांडण होईल.

मला सांगायचं आहे ते त्याच संध्याकाळचं. पाहुणे गेल्यावर अप्पा दप्तर घेऊन तिण्णैवर जाऊन बैसले. आम्ही दोघी दाराशी उभ्या. त्यांनी शेवटी सात शिंका दिल्या, एकामागून एक, दुपारपासून अडवून धरलेल्या, आणि कुणीही हसलं नाही. मग कायद्याचा तो कागद शोधायला लागले, पण त्यांना ओळखता येईना, सगळी अक्षरं सारखीच. अक्काने पुढे होऊन काढून दिला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"हें कधी लिहिलंस?"

"तेरा वर्षांची होतें."

"चार वर्षं झाली. इतक्या दिवसांत मला कां सांगिटलं नाहीस?"

"तुम्ही पुसलं नाहीत, अप्पा."

अप्पांनी कागदाची घडी घातली, उघडली, परत घातली. वीदीतून कुणीतरी सायकलवरून जाताना "काय राव, ठरलं कां?" म्हणून ओरडलं. अप्पा थोडे सरकले आणि शेजारची जागा हाताने झाडली.

"बैस इथे," ते अक्काला म्हणाले. "आणखी काय काय पुसायचं राहिलंय, तें सांग."